छापील ४.७, खरे १.७: दोन फेजच्या बक कन्व्हर्टरमधल्या सिरीज कपॅसिटरचं प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस नुकता धरला होता तेव्हा, रबाळ्याच्या एका कारखान्यातून आमची दोन कार्डं परत आली. कन्व्हेयरवरून सरकणाऱ्या बाटल्यांची झाकणं नीट बसली आहेत का, हे कॅमेऱ्याच्या चित्रांवरून ठरवणारी ही कार्डं. आमचं डिझाइनचं छोटं ऑफिस महाप्याला, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून थोडं आत. कारखाना जवळच, त्यामुळे कुरिअरच्या भानगडीत न पडता त्यांचा मेंटेनन्सचा माणूस स्वतःच कार्डं घेऊन आला. पिशवी टेबलावर ठेवता ठेवता म्हणाला, “मॅडम, लाइट गेली तेव्हा नाही मेलं. लाइट परत आली तेव्हा मेलं.” या एका वाक्याने आमचे निदान दोन दिवस वाचवले.

दोन्ही कार्डांचा पॉवरचा भाग मेला होता. चिप, मेमरी, कॅमेऱ्याचा इंटरफेस शाबूत. आणि दोन्हींचा माग काढत गेल्यावर आम्ही एकाच पार्टपाशी येऊन थांबलो: २४ व्होल्टचे १.२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमधला सिरीज कपॅसिटर, म्हणजे करंटच्या वाटेतच बसवलेला कपॅसिटर. तो मीच निवडला होता.

सर्किट काय आहे

पॅनेलमधून कार्डाला २४ व्होल्ट मिळतात, चिपला हवेत १.२ व्होल्ट, भर लोडला २० अँपिअर. साध्या बक कन्व्हर्टरने, म्हणजे स्विच भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटने, हे करायचं तर ड्युटी, म्हणजे वरचा स्विच चालू असण्याचा वाटा, पाच टक्के येते. ५०० किलोहर्ट्झला म्हणजे दर दोन मायक्रोसेकंदांत वरचा स्विच फक्त १०० नॅनोसेकंद चालू. पॅनेलचं व्होल्टेज ३० वर चढलं की ८० नॅनोसेकंद. गेट ड्रायव्हरची दिरंगाई आणि डेड टाइम (वरचा-खालचा दोन्ही स्विच बंद ठेवण्याची फट) यातच त्यातला मोठा वाटा जातो, आणि प्रत्येक स्विचिंग पूर्ण २४ व्होल्टवर होत असल्याने तोटाही भरपूर. मध्ये पाच व्होल्टचा टप्पा घालून दोन पायऱ्यांत उतरायचं तर कार्डावर तेवढी जागा नव्हती.

म्हणून आम्ही दोन फेजचा, म्हणजे लोड वाटून घेणाऱ्या दोन शाखांचा, सिरीज कपॅसिटरवाला बक घेतला. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला वीज पुरवण्याच्या संदर्भात याचं विश्लेषण मांडलं होतं. पुढे तो तयार आयसीमध्येही आला. आमचा मात्र सुट्या मॉसफेटचा (स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) आणि डिजिटल कंट्रोलचा आहे.

पुढचं समजायला स्विचना नावं देते. पहिल्या फेजचे अ-वर आणि अ-खाली, दुसरीचे ब-वर आणि ब-खाली. साध्या दोन फेजच्या सर्किटमध्ये दोन्ही वरचे स्विच थेट इनपुटला जोडलेले असतात. इथे अ-वर आणि अ फेजचा इंडक्टर यांच्यामध्ये एक कपॅसिटर बसतो, आणि ब-वर हा इनपुटऐवजी त्या कपॅसिटरच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो. अ-वर चालू झाला की इनपुटचा करंट कपॅसिटरमधून अ इंडक्टरमध्ये जातो आणि जाता जाता कपॅसिटर भरतो. तो बंद झाला की अ-खाली चालू होऊन कपॅसिटरचं खालचं टोक ग्राउंडला टेकवतो. मग ब-वर चालू होतो, आणि ब इंडक्टरला लागणारा सगळा करंट कपॅसिटर स्वतःच्या पोटातून देतो. ब फेजला इनपुट दिसतच नाही. तिचा इनपुट म्हणजे हा कपॅसिटर.

भरणं आणि रिकामं होणं यांचा मेळ बसतो तो कपॅसिटरवर इनपुटच्या निम्मं व्होल्टेज असताना. २४ चे १२. त्यामुळे दोन्ही इंडक्टरना २४ ऐवजी १२ व्होल्टचे पल्स दिसतात, ड्युटी दुप्पट म्हणजे दहा टक्के होते, १०० चे २०० नॅनोसेकंद होतात. अ-वर, अ-खाली आणि ब-खाली यांना निम्मंच व्होल्टेज अडवावं लागतं, म्हणून तिथे २५ व्होल्टचे मॉसफेट चालतात. ब-वरला मात्र अ-वर चालू असताना पूर्ण इनपुट अडवावा लागतो. तो ४० व्होल्टचाच हवा. दोन्ही वरचे स्विच एकदम चालू चालत नाहीत, म्हणून ड्युटी निम्म्याच्या आत आणि आउटपुट इनपुटच्या पावपटीच्या आत ठेवावं लागतं. आम्हाला ती अट जाचक नव्हती.

या सर्किटवर माझा जीव आहे, आणि त्याचं कारण आणखी एक आहे. जेवढा चार्ज अ फेजने कपॅसिटरमध्ये घातला तेवढाच ब फेजने काढायला हवा, नाहीतर व्होल्टेज सरकत जाईल. दोन्हींची ड्युटी सारखी ठेवली की दोन्ही फेजचा करंट आपोआप सारखा होतो. सेन्स रेझिस्टर नको, बरोबरी साधणारा वेगळा लूप नको. हे काम एक कपॅसिटर करतो. आणि म्हणूनच त्याची निवड इनपुटवरच्या कपॅसिटरसारखी हातासरशी उरकण्याची गोष्ट नाही. आउटपुटची निम्मी पॉवर त्याच्यातून जाते.

मी काय निवडलं होतं

हिशेब सोपा वाटला होता. २० अँपिअरचे दोन फेजमध्ये दहा-दहा. दहा अँपिअर गुणिले २०० नॅनोसेकंद, म्हणजे दर पल्सला दोन मायक्रोकूलोम चार्ज. रिपल, म्हणजे कपॅसिटरच्या व्होल्टेजची वर-खाली, १२ व्होल्टच्या पाच टक्क्यांत, ०.६ व्होल्टमध्ये ठेवायचा तर दोन भागिले ०.६: साधारण ३.३ मायक्रोफॅरड. मी ४.७ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक घेतला. २५ व्होल्ट, एक्स५आर जातीचा, ०८०५ साइज (साधारण दोन बाय सव्वा मिलिमीटर), एकच. रिपल ०.४३ व्होल्ट येईल असं मानलं आणि पुढच्या पार्टकडे वळले.

या चार ओळींत तीन चुका आहेत. पहिली, इनपुट १८ व्होल्टपर्यंत उतरू शकतं हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असूनही मी हिशेब फक्त २४ ला केला. १८ ला ड्युटी १३.३ टक्के होते, पल्स २६७ नॅनोसेकंदांचा, चार्ज २.६७ मायक्रोकूलोम, आणि कपॅसिटरवर नऊच व्होल्ट असतात, त्यामुळे टक्केवारीत रिपल आणखी जड पडतो. म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था इनपुट खाली गेल्यावर येते. व्होल्टेज वाढलं की धोका, ही सवयीची समजूत इथे उलटी पडते. दुसरी आणि तिसरी चूक पुढे येते.

दोन कार्डं, दोन मरणं

पहिल्या कार्डात अ-खाली शॉर्ट होता आणि सिरीज कपॅसिटरही शॉर्ट, मीटरवर अर्ध्या ओहमच्या आत. दुसऱ्यात ब-खाली शॉर्ट, पण कपॅसिटर धडधाकट. एकाच कारखान्यात, एकाच प्रसंगाने मेलेल्या दोन कार्डांमध्ये वेगवेगळे स्विच जावेत, याने आमचा ज्युनिअर चक्रावला. मला मात्र तिथेच जरा धीर आला, कारण दोन वेगळ्या वाटा दिसत होत्या.

पहिल्या कार्डाचा कपॅसिटर आमच्या रिवर्कवाल्या काकांनी हॉट एअरने काढला. तीस वर्षं त्यांचा हात सोल्डरिंगवर बसला आहे. त्यांनी तो इपॉक्सीच्या थेंबात बसवला, रात्रभर सुकू दिला, आणि सकाळी ओल्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासायला बसले. आधी ८०० नंबर, मग १२००, मग २०००. दर काही फेऱ्यांनी पाण्याखाली धरून मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि पुन्हा घासायचं. तासाभराने थर दिसायला लागले, वहीच्या पानांसारखे एकावर एक. आणि टर्मिनलच्या धातूची कड जिथे संपते तिथून एक बारीक काळी रेघ तिरकी वर चढत गेलेली दिसली, थरांना कापत. काका म्हणाले, “ताई, हा उष्णतेने नाही गेला. बोर्ड वाकलाय.”

ती रेघ म्हणजे फ्लेक्स क्रॅक. बोर्ड वाकला की सिरॅमिक वाकत नाही, तुटतं, आणि ते सोल्डरच्या कडेपाशी, खालून तिरकं. कपॅसिटर माउंटिंग स्क्रूपासून जेमतेम सहा मिलिमीटरवर होता, स्क्रूच्या दिशेने आडवा. पॅनेलमध्ये कार्ड कसताना तिथे ताण आलाच असणार. अशा भेगेत इलेक्ट्रोड एकमेकांना भिडले की कपॅसिटर शॉर्ट होतो. आणि इथे तो शॉर्ट झाला की निम्म्याचा आधारच जातो: अ-खाली या २५ व्होल्टच्या मॉसफेटवर पूर्ण इनपुट, वर स्विचिंगचा स्पाइक. तो वाचणं शक्य नव्हतं.

उष्णतेला काकांनी दोषमुक्त केलं तरी मी तिचीही तपासणी केली, कारण पार्ट एक्स५आर होता. त्या नावातला ५ म्हणजे ८५ अंशांची मर्यादा. चांगलं कार्ड पॅनेलच्या आतल्या ५५ अंशांच्या बॉक्समध्ये भर लोडवर चालवलं तर थर्मल कॅमेऱ्याने कपॅसिटर ९१ अंश दाखवला. याच्यातून जाणारा आरएमएस करंट, ज्यावर पार्ट किती तापेल ते ठरतं, तो म्हणजे फेजचा करंट गुणिले दुप्पट ड्युटीचं वर्गमूळ. दहा गुणिले ०.४५, साडेचार अँपिअर. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकड्यातून साडेचार अँपिअर. ही माझी दुसरी चूक: कपॅसिटन्स मोजला, करंट मोजला नाही.

दुसऱ्या कार्डाचा कपॅसिटर एलसीआर या कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर ४.५ मायक्रोफॅरड दाखवत होता. ज्युनिअर म्हणाला, “मॅडम, हा तर चांगला आहे.” मी म्हटलं, “त्याच्यावर आत्ता व्होल्टेज किती आहे?”

शून्य.

बायसखाली मोजल्यावर

एक्स७आर, एक्स५आर जातीचे सिरॅमिक कपॅसिटर बेरियम टायटेनेटचे असतात. त्यावर डीसी व्होल्टेज, म्हणजे बायस, चढलं की त्यांची धारणक्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, पडते. नावातली अक्षरं फक्त तापमानाबद्दल बोलतात, १५ टक्क्यांच्या आत राहीन असं सांगतात; व्होल्टेजबद्दल त्यांत एक शब्द नाही. २५ व्होल्ट लिहिलंय म्हणजे २५ व्होल्टला फुटणार नाही. २५ व्होल्टला ४.७ राहील असं कोणी म्हटलेलं नाही. साइज जितकी लहान आणि त्यात ठासलेले मायक्रोफॅरड जितके जास्त, तितकी घसरण मोठी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आउटपुटच्या कपॅसिटरना मी ही सूट नेहमी देते, पण तिथे १.२ व्होल्टच असतात, फरक पडत नाही. इथे बारा व्होल्ट कायम बसलेले असतात, हे निवडताना डोळ्यांसमोर आलं नाही. ही तिसरी.

जिग बनवायला अर्धा दिवस गेला. मीटरच्या दोन्ही वायरींत मोठे फिल्म कपॅसिटर घालून डीसी अडवला, आणि तपासायच्या पार्टवर मोठ्या रेझिस्टरमधून सप्लाय दिला. शून्य व्होल्टला ४.५. पाचला ३.३. नऊला २.३. बाराला १.७. चौदाला १.५. ज्युनिअर आकडे वहीत लिहीत होता, बाराशी त्याचा हात थांबला.

खात्री करायला चालू कार्डावरही पाहिलं. या कपॅसिटरचा रिपल थेट बघणं अवघड, कारण त्याची दोन्ही टोकं प्रत्येक पल्सला बारा व्होल्टने वर-खाली उडत असतात; साधा डिफरन्शिअल प्रोब लावला तर त्या उडीचीच घाण स्कोपवर दिसते. त्यावर एक साधी युक्ती आहे. अ-खाली चालू असतो तेव्हा कपॅसिटरचं खालचं टोक ग्राउंडवर असतं, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं वरच्या टोकाचं व्होल्टेज हेच कपॅसिटरचं व्होल्टेज. साध्या प्रोबची लांब क्लिप काढून स्प्रिंगचा ग्राउंड लावा, तो अ-खालीच्या सोर्सलाच टेकवा, आणि ब-वरच्या पल्सच्या आधीची व नंतरची पातळी वाचा. आम्हाला पल्सआधी १२.६ आणि नंतर ११.४ दिसले. दर पल्सला दोन मायक्रोकूलोम काढल्यावर १.२ व्होल्ट उतरले, म्हणजे कपॅसिटर १.७ चाच. जिगचा आकडा आणि कार्डाचा आकडा जुळला.

आता दुसऱ्या कार्डाचं मरण उलगडलं. पॅनेलमध्ये बॅटरी बॅकअप आहे. वीज जाते, बॅटरी उतरत उतरत २२ व्होल्टवर येते, आणि वीज परतली की चार्जर एका दणक्यात २८ वर नेतो. कपॅसिटर तेव्हा अकरावर असतो आणि त्याला चौदावर जायचं असतं. तो सरळ जाऊन थांबत नाही. दोन इंडक्टरबरोबर त्याचा झोका तयार होतो आणि तो चौदा ओलांडून सतराच्या आसपास जातो. त्याच क्षणी कॅमेऱ्याची चिप पूर्ण जोरात काम सुरू करते. लोड उसळला की आमचा फर्मवेअर पटकन प्रतिसाद म्हणून अ फेजला जादा पल्स द्यायचा, लागोपाठ तीनपर्यंत. अ फेजचा प्रत्येक पल्स कपॅसिटर भरतो, आणि जोडीचा ब पल्स आला नाही तर तो रिकामा होत नाही. २८ व्होल्टला असा एकेक पल्स १.७ मायक्रोकूलोमचा. दीड मायक्रोफॅरडवर तो १.१ व्होल्टहून जास्त चढवतो. तीन पल्सचे ३.४. सतरा आणि ३.४, त्यावर रिपलचा निम्मा ०.६, त्यावर स्विचिंगचा स्पाइक पाच व्होल्ट. बेरीज २६. ब-खाली २५ चा.

टेबलावर, स्वच्छ २४ व्होल्टच्या सप्लायवर, निम्म्या लोडला हे कधीच दिसलं नसतं. आणि आम्ही टेबलावर तेवढंच तपासलं होतं, हे लिहून ठेवते.

मग भरपूर घातला, आणि तेही चुकलं

ज्युनिअरचा पुढचा विचार अगदी नैसर्गिक होता. कमी पडतोय ना, मग भरपूर घालू. त्याने १२१० साइजचे, ३५ व्होल्ट, एक्स७आर, दहा मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर शेजारी शेजारी बसवले. बायसखाली तिन्ही मिळून २२ मायक्रोफॅरड. रिपल एक दशांश व्होल्टच्या आत. स्कोपवर रेषा इतकी सपाट की मलाही समाधान वाटलं.

मग २२ वरून २८ वर उडी मारणारी जोडणी केली, एका मॉसफेटने दुसरा सप्लाय आत घेणारी. अ इंडक्टरचा एक पाय उचलून इंचभर वायरचा फास घातला आणि त्यात करंट प्रोब अडकवला. फासाचे वीसेक नॅनोहेन्री इंडक्टरच्या ६८० पुढे नगण्य. पहिल्याच उडीला कार्ड ट्रिप झालं. स्कोपवर अ फेजचा करंट दहावरून चढत वीसच्या पलीकडे गेला आणि तिथून सुईसारखा सरळ वर. इंडक्टर सॅच्युरेट झाला होता, म्हणजे त्याचा गाभा भरून करंटला आवर घालणं थांबलं होतं. त्याची मर्यादा २० अँपिअर.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कागद घेऊन बसले. दोन्ही फेजच्या करंटमधला फरक आणि कपॅसिटरचं व्होल्टेज यांची समीकरणं मांडली की ती झोपाळ्यासारखी निघतात. ड्युटी दोन्हींना सारखी आणि लूप व्होल्टेज मोडचा असेल तर झोक्याचा वेग, म्हणजे कोनीय वारंवारता, ही ड्युटी गुणिले, दोन भागिले एल-सी या गुणाकाराचं वर्गमूळ (एल म्हणजे इंडक्टरचं माप, सी म्हणजे कपॅसिटरचं). पण खरी कामाची गोष्ट पुढे आहे. इनपुटने उडी मारली की दोन फेजच्या करंटमधला फरक किती होईल? उडीचा निम्मा, गुणिले दोन-सी भागिले एल याचं वर्गमूळ. यात ड्युटी उरतच नाही. कपॅसिटर वाढवला की हा फरक त्याच्या वर्गमुळाने वाढतो. मोठ्या कपॅसिटरला नव्या व्होल्टेजवर न्यायला जास्त चार्ज लागतो, आणि तो चार्ज येणार कुठून, तर अ इंडक्टरच्याच करंटमधून.

आकडे घातले. उडी सहा व्होल्ट, निम्मी तीन. २२ मायक्रोफॅरड, ०.६८ मायक्रोहेन्री: फरक २४ अँपिअर, प्रत्येक फेजला अधिक-उणे बारा. अ फेज बावीसवर, ब फेज उलट्या दिशेने दोनवर. रेझिस्टन्समुळे पहिलं शिखर जरा दबतं, तरी रिपल धरून वीस ओलांडतंच. सात मायक्रोफॅरडला तोच फरक साडेतेराच्या आसपास, प्रत्येकी अधिक-उणे सात.

झोका विरायला लागणारा वेळ मात्र कपॅसिटरवर अवलंबून नाही, हे मला आधी खरं वाटेना. तो ठरतो इंडक्टर आणि वाटेतला रेझिस्टन्स यांवर: दोन-एल भागिले आर. आमच्या सहा मिलिओहमला तो सव्वादोनशे मायक्रोसेकंद. कपॅसिटर लहान घ्या की मोठा, तेवढाच.

म्हणजे या पार्टला खालची हद्द आहे तशी वरचीही आहे. खालची हद्द ठरवतो एका पल्सचा चार्ज, सर्वांत कमी इनपुटला. वरची ठरवते इनपुटची सर्वांत मोठी उडी आणि इंडक्टरची सॅच्युरेशनची मर्यादा. आमच्यासाठी ही खिडकी निघाली बायसखाली सव्वापाच ते साडेदहा मायक्रोफॅरडची. वरची बाजू कागदावर जेमतेम बसत होती, म्हणून मी आठच्या वर जायचं नाही असं ठरवलं.

शेवटी काय बसवलं

फिल्म कपॅसिटर एवढ्या जागेत मावत नाही. सी०जी जातीचं सिरॅमिक बायसने हलत नाही, पण पाच-सहा मायक्रोफॅरड भरायला त्याची रांगच लावावी लागेल. फ्रिक्वेन्सी पुष्कळ वाढवणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. पॉलिमर कपॅसिटरचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वीस मिलिओहम धरला तरी साडेचार अँपिअरला ०.४ वॉट त्याच्यातच जिरतात. राहिलं एक्स७आर.

२.२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, एक्स७आर, १२०६ साइज, लवचिक टर्मिनेशनचे (बोर्डाचं वाकणं सोसणाऱ्या टोकांचे), चार समांतर. जिगवर एकेकाचं माप: नऊ व्होल्टला १.९, बाराला १.७५, पंधराला १.६. चार मिळून बाराला सात. सर्वांत वाईट बाजू अशी धरली: नऊ व्होल्टचे ७.६, त्यातून बनावटीची दहा टक्के तूट, तापमानाची पंधरा, आणि वयाची आठ. वयाचं कारण असं की हे सिरॅमिक काळाबरोबर हळूहळू उतरतं, तासांच्या दर दसपटीला दोन-अडीच टक्के धरायचे. रिफ्लोच्या, म्हणजे भट्टीत सोल्डर वितळवतानाच्या, उष्णतेने ते पुन्हा तरुण होतं, म्हणून ताज्या बोर्डावरचं माप कायम जरा खुशीचंच येतं. हे सगळं वजा जाता ५.३५ उरतात. १८ व्होल्टला रिपल अर्धा व्होल्ट, साडेपाच टक्के. पाचची माझी मूळ इच्छा होती; अर्ध्या टक्क्यासाठी पाचवा कपॅसिटर घालून वरच्या हद्दीशी झगडायचं नाही असं ठरवलं.

चार केल्याने करंटही वाटला गेला. एकेकाला १.१ अँपिअर, तापमानातली भर हाताला जाणवणार नाही इतकी. एकच मोठा १२१० घेता आला असता, पण भेग पडण्याची भीती मोठ्या साइजला जास्त, आणि मला सगळा भार एकावर टाकायचा नव्हता.

लेआउट करणाऱ्या मैत्रिणीने ते स्क्रूपासून बावीस मिलिमीटरवर नेले आणि वाकण्याच्या रेषेला काटकोनात न ठेवता तिच्याशी समांतर फिरवले. अ-वर, कपॅसिटर आणि अ-खाली यांची वाट तिने पहिल्यापेक्षा आखूड केली; स्पाइक पाचावरून साडेतीनवर आला तो तिच्या या कामामुळे. २५ चे तिन्ही मॉसफेट ३० व्होल्टचे केले. फर्मवेअरमध्ये नियम घातला की अ आणि ब चे पल्स आळीपाळीनेच, लोड कितीही उसळो. प्रतिसाद हवा तर दोन्ही पल्स रुंद करा, जोडी मोडू नका. सुरुवातीला कपॅसिटर निम्म्या इनपुटला भरून मगच स्विचिंग सुरू होतं, ते आधीपासून होतं. आता भरायला चार मिलिसेकंद लागतात एवढाच बदल.

२२ ते २८ ची उडी दोन दिवस सतत दिली, गरम बॉक्समध्ये, भर लोडवर. अ फेजचं शिखर अठराच्या जरा आत राहिलं. झोका नऊ किलोहर्ट्झच्या आसपास, चार-पाच हेलकाव्यांत निवणारा, अगदी कागदावर काढला होता तसा. ज्युनिअरने तो फोटो फोनवर घेतला.

पार्ट लिस्टमध्ये या ओळीपुढे मी आता फक्त मायक्रोफॅरड आणि व्होल्ट लिहीत नाही. तिथे असं लिहिलं आहे: “१२ व्होल्ट बायसला एकेकी १.६ मायक्रोफॅरडच्या खाली चालणार नाही. १२०६ पेक्षा लहान साइज चालणार नाही. लवचिक टर्मिनेशन आवश्यक. पर्याय सुचवल्यास दहा नमुने जिगवर मोजूनच मंजुरी.” पंधरा दिवसांत खरेदी विभागातून फोन आला, “मॅडम, सेम पार्ट आहे, २.२, ५० व्होल्ट, एक्स७आर, फक्त ०८०५ मध्ये, आणि लगेच मिळतोय.” मी नमुने मागवले. ज्युनिअरने जिग लावली, बारा व्होल्ट चढवले आणि मला हाक न मारता वहीत लिहिलं: १.१, नापास.